सातवीच्या मुलांना समुद्राचा इतिहास दाखवायचा आहे: कारवार, जुनं गोवं की मालवण?

नंदगडची बाई

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. सहावी-सातवी मिळून एकतीस मुलं आहेत. डिसेंबरात दोन दिवसांची सहल न्यायची आहे. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या, बैठकीत पालकांनी होकार दिलाय, बसचंही जमतंय. कुठं न्यायचं हे मात्र अजून ठरत नाही. माझा प्रश्न 'कुठलं ठिकाण चांगलं' एवढाच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकवत होते. फळ्यावर डोंगर काढला, किनारा काढला, बाण काढले. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, समुद्र आपला नसतोय ना? तो गोव्यातल्या लोकांचा." वर्गात कुणीही हसलं नाही. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं. मग मी हात वर करायला सांगितलं, समुद्र कुणी कुणी बघितलाय? नऊ हात वर आले. आमच्या शाळेच्या पायरीवर उभं राहिलं की पश्चिमेला सह्याद्रीची रांग दिसते, आणि तिच्यापलीकडं सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही, तिथं पाणी आहे. तरी मुलांच्या मनात तो दुसऱ्या कुणाचा तरी.

माझ्या लहानपणी असं नव्हतं. आमच्या आजोबांचं नंदगडच्या बाजारात दुकान होतं. मीठ, खोबरं, काथ्या, सुकी मासळी हे सगळं 'बंदराकडचं'. आजोबा माल तसाच ओळखायचे. पोतं उघडून हुंगायचे आणि सांगायचे, हे बंदराकडचं खोबरं, हे नव्हे. गाडीवान घाट उतरताना तांदूळ, गूळ, मिरची घेऊन जायचे आणि चढताना मीठ आणायचे. आजोबांनी स्वतः समुद्र एकदाच पाहिला होता, पण समुद्र आमच्या माजघरापर्यंत आलेला होता, एवढं मला कळत होतं. आज मीठ पुडीतून येतं. मुलांना ते कुठून आलं हे विचारायचं कारणच उरलेलं नाही.

म्हणून ठरवलं, की मुलांना नुसतं पाण्यात खेळवून आणायचं नाही. बोटी, बंदरं, आरमार, मासेमारी, यांचा इतिहास जिथं मांडून ठेवलाय तिथं न्यायचं. दिवाळीच्या सुट्टीत मी एकटीच किनाऱ्यावरचं एक संग्रहालय बघून आले. नाव लिहीत नाही, कुणाला दुखवायचं नाही. तिथं काचेच्या पेटीत होडीची एक प्रतिकृती होती, हातभर लांब. बाजूला दोन आडव्या काठ्या बाहेर काढलेल्या आणि त्यांच्या टोकाला एक लांबट ओंडका. काठी आणि ओंडका जिथं भेटतात तिथं दोरी गुंडाळलेली होती. मी वाकून बघितलं. सात वेढे होते, मग मधून एक फिरवून आवळलेली गाठ. खिळा कुठंच नाही. एवढ्याशा प्रतिकृतीतसुद्धा करणाऱ्यानं एक वेढा कमी केलेला नव्हता. खाली पाटी होती: 'मासेमारी नौका. लाकूड. स्थानिक.' तीसुद्धा मराठीत नव्हती, मी इथं अर्थ लिहितेय.

मी त्या पेटीपुढं बराच वेळ थांबले. ओंडका कशासाठी? खिळा का नाही? कुठलं लाकूड? हे बांधायला कोण शिकवतं? तिथल्या माणसाला विचारलं. तो बिचारा चांगला होता, पण म्हणाला, "ते असंच असतंय मॅडम." आता हेच उत्तर मी एकतीस मुलांना घेऊन जाऊन ऐकायचं का? मला फार वाईट वाटलं. त्या गाठीत कुणाचं तरी आयुष्यभराचं शिक्षण होतं आणि पाटीवर तीन शब्द.

तर विचारायचं आहे ते असं. कारवार, जुनं गोवं, मालवण यांपैकी दोन दिवसांत आमच्या मुलांना सगळ्यात जास्त कुठं मिळेल? आणि पाटीवर लिहिलेलं नसेल तर समजावून कोण सांगेल? मी आधी शिकून घ्यायला तयार आहे. आणि त्या ओंडक्याचं कुणाला माहीत असेल तर कृपा करून लिहा.

---

कारवारकर

बाई, नमस्कार. कारवारलाच या. रामनगर, जोयडा, अणशी घाट करून खाली उतरला की कद्रा आणि मग कारवार. पहाटे निघालात तर पोरं दुपारच्या आत वाळूत असतील. पावसाळ्यात त्या घाटाचा भरवसा नसतो, डिसेंबरात काळजी नाही.

टागोर किनाऱ्यावर, हमरस्त्याला लागूनच 'चपळ' उभी आहे. ही खरी युद्धनौका आहे, प्रतिकृती नव्हे. रशियन बनावटीची क्षेपणास्त्र नौका. १९७६ साली आपल्या नौदलात आली, २००५ साली निवृत्त झाली आणि मग इथं आणून संग्रहालय केलं. मुलांना आत जाता येतं. वर दोन्ही बाजूंना दोन-दोन अशी चार क्षेपणास्त्रांची मोठी नळकांडी आहेत, पुढं-मागं तोफा. आत कप्तानाची जागा, रडार, खलाशांच्या झोपायच्या फळ्या. माणूस किती कमी जागेत राहतो ते बघून माझा मुलगा गप्प झाला होता. लांबी चाळीस मीटरच्या आतच आहे.

जायच्या आधी मुलांना एवढं सांगा: १९७१ च्या ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर हल्ला केला त्या निपात, निर्घात आणि वीर या नौका ह्याच जातीच्या. चपळ त्या लढाईत नव्हती, ती नंतर आली. तिथं येणारे बरेच लोक पोरांना उलटंच सांगतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. नौदल दिन ४ डिसेंबरला असतो तो त्या रात्रीमुळं. तुमची सहल त्याच महिन्यात आहे, चांगला योग आहे.

दुसरं, सकाळी लवकर उठवून मुलांना किनाऱ्यावर न्या. नशीब असेल तर रंपण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसेल. बैतकोल बंदरावर ट्रॉलर लागतात तेही दाखवा, पण तिथं गर्दी आणि बर्फाचं पाणी फार, मुलांचे हात धरून ठेवायला माणसं लागतील. आणि सुट्टीचा वार, वेळ हे निघण्याआधी फोन करून विचारा.

---

वेंगुर्ल्याचो

बाईंनू, तुमची पोस्ट वाचून मला राहवलं नाही. मी मूळचा वेंगुर्ल्याचा, गाबीत, म्हणजे मच्छीमार समाजातला. एकवीस वर्षं झाली, बेळगावात कॅम्पातल्या मासळी बाजारात धंदा करतो. माझ्या वडलांची होडी होती, आज्याची होती. लिहायची सवय नाही, पण ह्या ओंडक्याचं मीच सांगायला पाहिजे.

त्याला उलांडी म्हणतात. आमची जुनी होडी अरुंद असते. आंब्याचा जाड बुंधा कोरून खालचा भाग करायचा, वर फळ्या चढवायच्या. अरुंद होडी पाणी चांगलं कापते, वल्हवायला हलकी, लाटेवरून वाळूत ओढून घ्यायलाही सोपी. पण अरुंद म्हणजे लवंडणारी. चार माणसं एका बाजूला वाकून जाळं ओढायला लागली की ती कलंडणार. म्हणून एका बाजूला उलांडी. होडी तिकडं कलली तर ओंडका पाण्यात दाबला जातो आणि पाणी त्याला वर ढकलतं. उलट बाजूला कलली तर ओंडका उचलावा लागतो, त्याचं वजन होडीला परत खाली आणतं. वारा जोराचा असला तर एक गडी त्या आडव्या काठीवर जाऊन बसायचा. मी लहान असताना ते काम माझं होतं. पाय खाली पाण्यात, तोंडावर खारं पाणी, आणि आजो मागून सुकाणू धरून ओरडायचा, "वारो सांगात तसाच जावचा!"

लाकूड म्हणाल तर उलांडीला पांगारा. हलका असतो, पाण्यावर चांगला तरंगतो. पांगारा घरबांधणीला काही कामाचा नाही, ह्या कामाला मात्र तोच.

आता खिळा का नाही. बाई, लाट काठीला दिवसभर वर-खाली हलवते. खिळा मारला तर लाकूड खिळ्याशी घासून भोक मोठं होतं, खारं पाणी लोखंड खातं, आणि एक दिवस भर समुद्रात सांधा सुटतो. सुंभानं आवळलेला सांधा थोडा हलतो, तुटत नाही. काथ्याचं सुंभ भिजलं की जास्त घट्ट बसतं. सैल झालं तर किनाऱ्यावर बसून पुन्हा आवळायचं, लोहार नको, सुतार नको. तुम्ही सात वेढे मोजलेत, हे वाचून मला खरंच भरून आलं. ती प्रतिकृती करणारा आमच्यातलाच कुणी असणार.

होडीला आतून-बाहेरून माशाचं तेल लावतात, नाही तर लाकडात कीड शिरते. त्या तेलाचा वास काचेच्या पेटीत येणार नाही. संग्रहालयवाल्यांनी एक वाटी तेल आणि एक सुंभाचा तुकडा बाहेर ठेवला असता तर पोरांना निम्मं समजलं असतं.

आणि त्या मुलीला सांगा, समुद्र तिचासुद्धा आहे. वेंगुर्ल्याचं बंदर चाललं कुणाच्या मालावर? बेळगावच्या. आंबोलीचा घाट चढून-उतरून गाड्या यायच्या, घाटावरचा माल वेंगुर्ल्यात गलबतांवर चढायचा. डचांनी सतराव्या शतकात आमच्याकडं वखार बांधली, तिच्या भिंती अजून उभ्या आहेत. पुढं १८८८ च्या सुमाराला रेल्वे लोंढ्यावरून मुरगावला गेली आणि घाटावरचा बराच माल तिकडं वळला. आमचा आजो सांगायचा, त्याच्या बापाच्या वेळेपासून बंदरावरच्या हमालांचं काम कमी होत गेलं. म्हणजे तुमच्या लोंढ्याच्या स्टेशनाची शिट्टी आमच्या बंदरात ऐकू आली. हा इतिहास दोघांचा आहे.

---

नंदगडची बाई

वेंगुर्लेकर दादा, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं आणि आज वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. खिळ्याचं कळल्यावर एक मुलगा म्हणाला, आमच्या बैलगाडीचं जू पण बांधूनच असतंय, खिळा मारत नाहीत. मला ते सुचलं नव्हतं, त्याला सुचलं.

कारवारकर सर, चपळचं नक्की. १९७१ ची माहिती बरी दिलीत, मीसुद्धा उलटंच सांगितलं असतं. तरी मनात एक अडतंय. युद्धनौका दाखवली की मुलं तोफाच लक्षात ठेवतील. शंभर, पाचशे, हजार वर्षांपूर्वी ह्या किनाऱ्यावर काय होतं, ते कुठं दिसेल?

---

शहापूरचा वाचक

बाई, हजार वर्षांपूर्वीचं बघायचं असेल तर पहिला थांबा तुमच्याच तालुक्यात आहे, हलसी. तुम्हाला हे माहीत असणारच, पण समुद्राशी जोडून कदाचित पाहिलं नसेल.

हलसी म्हणजे जुनी पलाशिका. गोव्याच्या कदंबांची ही दुसरी राजधानी. पहिली आधी चांदर, मग मांडवी-झुआरीच्या मधलं गोपकपट्टण, म्हणजे बंदर. एक राजधानी बंदरावर आणि एक घाटावर! भूवराह नरसिंहाचं देऊळ बाराव्या शतकातलं, ह्याच राजांच्या काळातलं. हे राजे स्वतःला पश्चिम समुद्राचे अधिपती म्हणवत. तुमची मुलं ज्या देवळाच्या आवारात जत्रेला खेळतात, ते देऊळ समुद्रावर सत्ता असणाऱ्यांनी उभं केलेलं आहे. गोव्याची 'कदंबा' बस बेळगाव स्टँडवर रोज दिसते. मुलांना विचारा, हे नाव कुठून आलं.

एक गोष्ट त्यांना जरूर सांगा. जयकेशी पहिल्याच्या काळच्या ताम्रपटात आहे ती. त्याच्या घराण्यातला गुहल्लदेव समुद्रमार्गे सोमनाथाच्या यात्रेला निघाला. वाटेत जहाजाची डोलकाठी मोडली. तेव्हा मदुमोद नावाच्या अरब व्यापाऱ्यानं त्याला मदत केली. ते उपकार घराणं विसरलं नाही, पुढं त्या व्यापाऱ्याच्या नातवाला जयकेशीनं मोठं अधिकारपद दिलं. अकराव्या शतकातली हकीकत आहे. यात राजा आहे, यात्रा आहे, मोडलेली काठी आहे, परका माणूस आहे. मुलांना आणखी काय पाहिजे?

हलसी बघून झाल्यावर जुन्या गोव्याचं पुरातत्त्व संग्रहालय. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या जुन्या मठात आहे. तिथं कदंबकाळातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, आहेत, आणि त्यांतल्या काहींवर नौकायुद्ध कोरलेलं आहे. आपल्याकडच्या वीरगळांवर बहुतेक घोडे आणि गायी. इथं वीर नावेत लढतोय. वीरगळ खालून वर वाचायचा असतो हे मुलांना आधी शिकवा: तळाला लढाई, मध्ये अप्सरा वीराला घेऊन चालल्यात, वर तो शिवलिंगापुढं. तुमच्या भागात देवळांच्या आवारात वीरगळ पडलेले असतील, सराव तिथंच करून घ्या. वरच्या मजल्यावर पोर्तुगीज गव्हर्नरांची तैलचित्रं ओळीनं लावली आहेत, तिथं फार वेळ घालवू नका. मुलं कंटाळतात. माझा भाचा वीरगळापाशी अर्धा तास होता आणि वरती पाच मिनिटं.

मालवणबद्दल. सिंधुदुर्ग बघायलाच पाहिजे, पण ह्या सहलीत नको, धावपळ होईल. २५ नोव्हेंबर १६६४ ला त्याचा पाया घातला गेला, आणि त्यानंतर तीनच महिन्यांत, फेब्रुवारी १६६५ मध्ये, शिवाजी महाराज मालवणहून आरमार घेऊन थेट दक्षिणेला बसरूर बंदरापर्यंत गेले. परतताना गोकर्ण आणि कारवार. म्हणजे कारवारच्या वाळूत उभं राहून मुलांना उत्तरेकडं बोट दाखवून सांगता येईल, की इथून ती गलबतं गेली. गलबत हे उथळ पाण्यात चालणारं, वाऱ्यावर आणि वल्ह्यांवरही, चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की मोठं फिरंगी जहाज जागेवर उभं, आणि गलबत खाडीत पसार. तुमचे मतलई वारे इथं कामाला येतील बघा.

जहाजांचं लाकूड घाटावरचंच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी सागवान तोडायचं ते परवानगीनं, आणि रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये असं बजावलंय. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरासारखी वाढवलेली असतात, असं कारण दिलंय. मालकाला राजी करून, पैसे देऊन, जीर्ण झाड तेवढं न्यावं.

आणि पुढच्या वर्षी कोल्हापूरला जा. समुद्राचा इतिहास आणि कोल्हापूर म्हटलं की लोक बघत राहतात. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीत १९४४-४५ च्या सुमाराला पितळी-काशाच्या वस्तूंचा साठा निघाला, त्यात पोसायडनची छोटी मूर्ती आहे. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. वीतभरही उंची नाही. एक हात उंचावलेला. टाऊन हॉल संग्रहालयाच्या संग्रहातली ती सगळ्यात मोलाची वस्तू, असं मी तरी मानतो. सातवाहनांच्या काळात रोमशी व्यापार चालायचा, त्यातून ती आली. जहाजातून उतरली आणि कुणीतरी तिला घाट चढवून वर आणली. मीठ वर आलं, खोबरं वर आलं, तसा समुद्राचा देवसुद्धा वर आला.

---

कारवारकर

शहापूरकर, सगळं मान्य, फक्त एक. युद्धनौका म्हणजे नुसत्या तोफा असं बाईंनी मनात धरू नये. चपळच्या आत गेल्यावर मुलांना इतकंच विचारा, की जेवण कुठं शिजत असेल, पाणी किती दिवस पुरत असेल, उकाड्यात झोप कशी लागत असेल. गलबतावरच्या खलाशालाही हेच प्रश्न होते. मी माझ्या पोराला असंच फिरवलं.

---

नंदगडची बाई

सहल झाली. वीस दिवसांनी लिहितेय, परीक्षा होत्या, माफ करा.

सहलीच्या आदल्या शनिवारी हलसी केली. वीरगळ खालून वर वाचायचा सराव गावाजवळच्या देवळात झाला. तिथला एक वीरगळ लोक कपडे धुवायला वापरत होते. मुलांनी तो घासूनपुसून बाजूला उभा केला, कुणी न सांगता.

अनमोड घाटानं जुन्या गोव्याला गेलो. संग्रहालयात मुलं थेट वीरगळांकडं. मी मागं राहिले, मुद्दाम. नावेच्या दगडापुढं जिनं 'समुद्र गोव्यातल्या लोकांचा' म्हटलं होतं तीच मुलगी खाली बसली आणि बोट न लावता, हवेतच, वल्हेकऱ्यांची डोकी मोजायला लागली. दगड झिजलाय, एका जागी डोकं आहे की नुसता उंचवटा, ते कळत नव्हतं. यावरून तिचा आणि शेजारच्या मुलाचा वाद झाला. ती म्हणाली, वल्हं आहे म्हणजे माणूस असणारच. पाटीवर एवढंच होतं की हा वीरगळ आहे आणि अमुक काळचा आहे. पण त्या दिवशी आम्हाला पाटीची गरज पडली नाही. डोलकाठी मोडल्याची गोष्ट मी तिथंच, मठाच्या ओसरीवर सांगितली. एकानं विचारलं, मदुमोदची नाव तेव्हा कुठं चालली होती, आणि तो आपलं काम सोडून थांबला का? मी म्हटलं, थांबला.

रात्री कारवारला पोचलो. पहाटे साडेपाचला किनाऱ्यावर. मतलई वारा पाठीवर लागत होता, डोंगराकडून समुद्राकडं. मी काही बोलले नाही. दोन-तीन मुलांनी आपणहून वळून डोंगराकडं बघितलं आणि मग एकमेकांकडं. फळ्यावरचे बाण मी चार वर्षं काढतेय, असं कधी झालं नव्हतं.

रंपण होती! कारवारकर सर, तुमचे आभार कसे मानू. दोन दोर, दोन रांगा, माणसं पाठमोरी मागं सरकत ओढत होती. त्यातल्या एका म्हाताऱ्या तांडेलानं, म्हणजे त्यांच्या म्होरक्यानं, मुलांना हाक मारली आणि दोराला लावलं. आमची मुलं शेतातली, ओढायला कमी नाहीत. पण पहिल्यांदा सगळे हातानं ओढायला लागले. तांडेलानं एकाच्या कमरेला हात लावून दाखवलं, इथून ओढायचं, हाताचं काम फक्त धरायचं. वर्गात परत आल्यावर दोन दिवस मुलं बाकं तशीच ओढत होती. मासळी फार नव्हती, बांगडे आणि थोडी तारली. त्यांनी आम्हाला पानात बांधून दिली. पैसे घेतले नाहीत.

चपळमध्ये जेवण कुठं शिजतं हे विचारायचं ठरवूनच गेलो होतो. मुलांनी तोफा बघितल्या, बघणारच. पण झोपायच्या फळीशी सगळ्यात जास्त वेळ गेला. एक मुलगा मापायला फळीशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, आमचे काका सैन्यात आहेत, ते इथं मावणार नाहीत.

वेंगुर्लेकर दादा, आता तुमच्यासाठी. परतल्यावर मी मुलांना सांगितलं, की दिवाळीत मी पाहिलेल्या त्या होडीची पाटी तुम्ही लिहा. तुमचं उत्तर फळ्यावर नव्हतं, आठवणीतून लिहायचं होतं. त्यातच एक मोठा शोध लागला. पांगारा कसला असतो हे मी चित्रात दाखवायला गेले तर निम्म्या वर्गानं सांगितलं, बाई, हा आमच्या बांधावर आहे. कुंपणाला लावतोय, फेब्रुवारीत लाल फुलं येतात. मग दुसऱ्या दिवशी एकानं वाळलेला हातभर तुकडा आणला आणि आम्ही तो शाळेच्या हौदात सोडला. वर बसवलेल्या डब्यासकट तरंगला.

मुलांनी लिहिलेली पाटी अशी. काही चुकलं असेल तर सांगा, मग ती त्या संग्रहालयाला पत्रातून पाठवायची आहे, तीन भाषांत, कन्नडचं भाषांतर आमच्या कन्नडच्या टीचर करणार आहेत.

'ही उलांडीची होडी आहे. खालचा भाग आंब्याच्या बुंध्याचा आहे. बाजूचा ओंडका पांगाऱ्याचा आहे, तो होडीला लवंडू देत नाही. पांगारा आमच्या शेताच्या बांधावर पण असतो. काठ्या सुंभानं बांधल्या आहेत, सात वेढे आहेत. खिळा मारत नाहीत कारण लाट हलवते आणि लोखंड गंजतं. पहाटे मतलई वाऱ्यानं जातात आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यानं येतात. काठीवर एक मुलगा बसतो. होडीला माशाचं तेल लावतात, त्याचा वास येतो.'

---

वेंगुर्ल्याचो

बाईंनू, सगळं बरोबर आहे. 'बांधल्या' च्या जागी 'आवळल्या' करा. आणि होडीचं नाव राहिलं. आमच्याकडं नावाशिवाय होडी पाण्यात घालत नाहीत. मुलांना एक ठेवायला सांगा आणि पाटीवर सगळ्यात वर लिहा.